गिरणीची चिमणी आणि गावचा बाजार

जळगाव, धुळे किंवा अमळनेर येथील साठी उलटलेल्या कोणाही गृहस्थाला गिरणीच्या भोंग्याची गोष्ट विचारावी. तो क्षणभर थांबतो आणि मग भराभर बोलू लागतो. पहाटेच्या भोंग्याला कोणाच्या घरी चूल पेटे, दुसऱ्या भोंग्याला कोण सायकलीवर टांग टाकून धावत सुटे, पगाराच्या दिवशी दरवाजाबाहेर कोणते फेरीवाले बसत, हे सर्व त्याला पाठ असते. ज्यांचा गिरणीशी काडीचाही संबंध नव्हता, त्यांचीही घड्याळे त्या भोंग्यावर लागत. वकिलाचा मुलगा त्याच भोंग्याला अभ्यासाला उठे आणि वाणी त्याच भोंग्याला दुकानाची फळी काढी. भोंगा गिरणीचा असला तरी वेळ सगळ्या गावाची होती.

आज तो भोंगा नाही. जळगावात स्टेशनाजवळ जेथे खानदेश मिल होती, त्या जागेवर आता ‘खानदेश सेंट्रल’ नावाचे व्यापारी संकुल आहे. संध्याकाळी तेथे तरुण मंडळी जातात, कपडे पाहतात, खातात-पितात आणि घरी येतात. त्यात वाईट काहीच नाही. परंतु जेथे ते शर्ट विकत घेतात तेथे एके काळी सूत निघत होते, ही गोष्ट त्यांच्यापैकी कितीजणांना ठाऊक असेल? जुन्या इमारतीचा किंवा जुन्या जागेचा बाजार झाला, म्हणजे इतिहास बुडाला असे समजावे काय? आणि इमारत जपली, म्हणजे इतिहास जपला असे मानावे काय? या दोन प्रश्नांचा विचार करण्यासाठी आम्ही हा विषय घेतला आहे.

प्रथम आपल्या प्रांताची हकीगत थोडक्यात पाहू. १८१८ साली पेशवाईचा अस्त झाला आणि खानदेश इंग्रजांच्या अमलाखाली गेला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज या अधिकाऱ्याने धुळे हे मुख्य ठाणे केले, तेथे सरळ व रुंद रस्ते आखले आणि बाहेरगावचे व्यापारी आणून वसविले. आजचे धुळे हे असे मुळातच पेठ म्हणून आखलेले गाव आहे. जळगावचे दैव उघडले ते यानंतर चार दशकांनी, आणि ते उघडले रुळांनी. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ असा गेला. धुळे बाजूला राहिले; चाळीसगावहून धुळ्याला जाणारा फाटा १९०० साली झाला. दरम्यानच्या काळात जळगावने कापसाच्या बाजारात आपले आसन पक्के केले होते. पुढे १९०६ साली खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तेव्हा पूर्व खानदेशाचे ठाणे जळगाव झाले.

या उत्कर्षाला एक दूरचे कारणही होते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला, आणि लिव्हरपूलचे दलाल हिंदुस्थानच्या कापसाकडे वळले. आपल्याकडचा कापूस आखूड धाग्याचा. एरवी त्याला तिकडे फारसा मान नसे. पण दुष्काळात कोंडाही गोड लागतो. भाव एकदम चढले, आणि जळगाव मोठी कापूसपेठ म्हणून प्रसिद्धीस आले. युद्ध संपताच भाव कोसळले, कित्येक व्यापारी बुडाले. तथापि त्या चार वर्षांत जो मार्ग पडला तो बुजला नाही. जिन आले, प्रेस आले, गाठी बांधून मुंबईस जाऊ लागल्या. जिनात सरकी वेगळी होते, प्रेसमध्ये रुई दाबून तिची गाठ होते. या दोन कारखान्यांच्या आवाजानेच खानदेशाला प्रथम यंत्रयुगाची ओळख करून दिली.

मग सहजच प्रश्न उभा राहिला. कापूस येथे पिकतो, तर सूत येथेच का निघू नये? १८७० नंतरच्या दशकात जळगावी खानदेश स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी उभी राहिली. मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांची पहिली कापडगिरणी १८५६ साली चालू झाली, हे ध्यानात घेतले म्हणजे जळगाव किती लवकर जागे झाले हे कळते. या गिरणीशी मूळजी जेठा या मुंबईच्या पेढीचे नाव जोडलेले आहे. मुंबईतील प्रसिद्ध कापडबाजार याच नावाचा, आणि गेल्या शतकाच्या पाचव्या दशकात जळगावात निघालेले महाविद्यालयही याच नावाचे. शेतातला कापूस, गिरणीतले सूत, बाजारातले कापड आणि शेवटी मुलांची विद्या, असा हा प्रवास एकाच नावाखाली झाला. अमळनेरलाही असेच घडले. प्रताप शेठजींची प्रताप मिल तेथे निघाली, आणि त्याच शेठजींच्या आश्रयाने १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिरही उभे राहिले. साने गुरुजी ज्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० शिक्षक होते, तेही त्याच नावाचे. धुळ्यास न्यू प्रताप मिल होती. गिरणी म्हणजे केवळ कारखाना नव्हता; गावाचे पोट, गावाची शाळा आणि गावाचे राजकारण ही सर्व तिच्या आवारातून जात होती.

असो. आपल्याकडे गिरणीच्या जागेवर बाजार आला, परंतु जुने बांधकाम जपून त्याचाच बाजार कसा करतात, हे पाहावयाचे तर मुंबईस जावे लागते. म्हणून मागील खेपेस मुंबईस गेलो असता आम्ही दादरहून लोकलने लोअर परळला उतरलो आणि सेनापती बापट मार्गावरच्या फिनिक्स मिलच्या आवारात गेलो. बरोबर आमचा पुतण्या होता. त्याचा जन्म जळगावचा, पण गिरणी बंद झाल्यानंतरचा. फिनिक्स मिल १९०५ साली स्थापन झालेली. आज तेथे मुंबईतील एक फार मोठा बाजार आहे. काचेच्या उंच नव्या इमारती आहेत, आणि त्यांच्या शेजारी जुन्या गिरणीचे काही भाग दुरुस्त करून कायम ठेवले आहेत. या सर्वांत नजर खिळवून ठेवते ती आवारातली जुनी चिमणी.

पुतण्याने मान वर करून ती पाहिली आणि विचारले, “काका, ही चिमणी शोभेसाठी बांधली का हो?”

आम्हाला प्रथम हसू आले आणि मग वाईट वाटले. पण प्रश्न खोटा नव्हता. ज्याने भट्टी पाहिली नाही त्याला चिमणी शोभेचीच वाटणार. तेव्हा तेथल्याच एका कट्ट्यावर बसून आम्ही त्याला जे सांगितले, तेच येथे सांगतो.

गिरणीची चिमणी केवळ धूर वर सोडण्यासाठी नसते. उंच नळीतून गरम धूर वर चढतो, त्याबरोबर खालून ताजी हवा भट्टीत ओढली जाते आणि कोळसा जोमाने पेटतो. चिमणी जितकी उंच, तितकी ही ओढ अधिक. त्या भट्टीवर बॉयलर, बॉयलरच्या वाफेवर इंजिन, इंजिनाच्या चाकावरून दोर व पट्टे, आणि त्या पट्ट्यांवर हजारो चात्या फिरत. १९१५ साली टाटांच्या खोपोलीच्या वीजघरातून मुंबईला वीज येऊ लागली आणि गिरण्यांनी हळूहळू वाफेची इंजिने काढून विजेच्या मोटारी बसविल्या. म्हणजे मुंबईच्या चिमण्यांचे निम्मे महत्त्व गिरण्या भरभराटीत असतानाच गेले होते. बॉयलर पुढे राहिले ते कांजी, रंग, धुलाई अशा कामांसाठी. यंत्र बदलले की माणसाचे काम जाते, तसे चिमणीचेही जाते.

इमारतीचीही अशीच गोष्ट. सूत कातण्याची खाती मजल्यांवर मजले चढवून बांधता येत. माग मात्र इतके धडधडतात की ते बहुधा तळमजल्यावरच बसवावे लागत. म्हणून माग खात्याला एकमजली, लांबरुंद शेड असे. तिचे छप्पर करवतीच्या दात्यांसारखे. प्रत्येक दात्याची उभी बाजू काचेची आणि ती उत्तरेकडे तोंड करून. उत्तरेकडून उजेड भरपूर येतो, पण उन्हाची तिरीप बहुधा येत नाही. त्यामुळे कामगाराला तुटलेला धागा दिसतो आणि डोळे दिपत नाहीत. आत बिडाचे खांब दूरदूर उभे, कारण मध्ये यंत्रांच्या सलग ओळी हव्यात. हवा दमट ठेवावी लागे, कारण कोरड्या हवेत सूत तुटते. मुंबईला समुद्राने हे काम फुकट करून दिले. आपल्या खानदेशात, जेथे वैशाखात झाडाचे पानही वाळून जाते, तेथे पाण्याचे तुषार उडवून ते करावे लागे. त्या दमट उष्म्यात, कापसाचे तंतू श्वासाबरोबर ओढीत, माणसे आठ-आठ तास उभी असत.

आता गंमत अशी की, ज्या गुणांमुळे इमारत गिरणीला योग्य ठरली, त्याच गुणांमुळे ती बाजाराला योग्य ठरते. यंत्रांच्या ओळींसाठी सोडलेली मोकळी जागा दुकानांच्या ओळींना आयतीच मिळते. उंच छत, भरपूर उजेड, जड भार पेलणारी जमीन, आणि रेल्वेच्या नजीक असलेली मोक्याची जागा. गाठी व कोळसा आणण्यासाठी ज्या वाटेची गरज होती, त्याच वाटेने आता गिऱ्हाईक येते. म्हणून कापडगिरणीचा बाजार होणे हा निव्वळ योगायोग नव्हे. इमारतीच्या हाडातच ती सोय आहे.

परंतु इमारतीची सोय झाली तरी माणसांची झाली असे होत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. तो संप रीतसर मिटला असे कधी झालेच नाही. तो विरत गेला. कोणी गावी परतले, कोणी भाजीची गाडी लावली, कोणाच्या बायका खानावळी चालवून घर ओढू लागल्या. संपापूर्वीच अनेक गिरण्यांची यंत्रे जुनी झाली होती, यंत्रमागाचे स्वस्त कापड बाजारात आले होते, आणि शहर वाढल्यामुळे गिरणीपेक्षा गिरणीखालची जमीन मोलाची झाली होती. १९९१ च्या नियमांनी गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे सांगितले: एक शहराच्या मोकळ्या जागांसाठी, एक सार्वजनिक घरांसाठी आणि एक मालकाचा. २००१ साली नियम बदलला आणि ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली. ज्या जमिनीवर बांधकाम उभे होते ती वाटणीतून सुटली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. कामगारांसाठी बांधलेल्या घरांची सोडत निघू लागली ती २०१२ पासून, आणि अर्ज मात्र लाखाहून अधिक. म्हणजे संपाच्या वेळी जो तिशीत होता, तो साठीत घराची चिठ्ठी पाहावयास गेला.

हे ऐकल्यावर पुतण्या म्हणाला, “मग काका, इथे दुकाने काढायलाच नको होती, असे म्हणता काय?”

तसे आम्ही म्हणत नाही. जुन्या वास्तूत व्यापार झाला म्हणजे ती बाटली, ही समजूत आम्हाला मान्य नाही. आपल्याच पेठांतून पाहा. वाड्याच्या रस्त्याकडच्या खोल्यांत दुकाने निघाली, म्हणून कित्येक वाड्यांची डागडुजी होत राहिली. जेथे कुलूप लागले, तेथे पहिल्या चार पावसाळ्यांत माळवद खाली आले. न वापरलेली इमारत मरते. विलायतेतील कॉव्हेंट गार्डनचा दाखला या बाबतीत लक्षात ठेवण्याजोगा आहे. लंडनमधील हा जुना भाजी, फळे व फुलांचा बाजार. १९७४ साली तो नदीपलीकडे नव्या जागी हलविण्यात आला. आसपासचा सारा भाग पाडून तेथे रुंद रस्ते आणि मोठ्या इमारती बांधण्याची योजना होती. तेथील रहिवासी उठले, सभा घेतल्या, निषेध केला. अखेर सरकारने त्या भागातील शेकडो इमारतींना संरक्षण दिले आणि जुनी मंडई दुरुस्त होऊन १९८० साली दुकानांसाठी खुली झाली. ऑस्ट्रेलियात सिडनी येथे १८९८ साली पुरी झालेली क्वीन व्हिक्टोरिया बिल्डिंग एकदा पाडण्याच्या गोष्टी चालल्या होत्या. तीही दुरुस्त होऊन १९८६ साली बाजार म्हणून पुन्हा उघडली. या दोन्ही ठिकाणी व्यापारानेच वास्तू वाचविली. मात्र कॉव्हेंट गार्डन वाचविण्याची पहिली हाक दुकानदारीने दिली नाही. तेथे राहणाऱ्या सामान्य माणसांनी दिली. हा भाग आपण विसरू नये.

तेव्हा जुन्या इमारतीचा बाजार झालेला पाहिला, म्हणजे तीन गोष्टी विचाराव्यात, असे आम्हाला वाटते. पहिली, इमारतीकडे पाहून तिचे पूर्वीचे काम कळते काय? छपराचे दाते, बिडाचे खांब, चिमणी यांचा अर्थ येणाऱ्याला समजतो काय, की ती केवळ नक्षी झाली? दुसरी, जी माणसे तेथे राबली त्यांचे देणे दिले गेले काय, आणि त्यांची आठवण कोणी ठेवली आहे काय? तिसरी, खिशात पैसे नसलेला माणूस तेथे येऊन घटकाभर बसू शकतो काय? गिरणीच्या दरवाजातून एके काळी हजारो गरीब माणसे रोज आत जात होती. त्यांच्या नातवंडांना त्याच आवारात परके वाटू लागले, तर ती दुरुस्ती विटांची झाली, वास्तूची नव्हे.

या कसोट्या मुंबईला लावणे सोपे आहे. आपल्या घरी त्या लावणे कठीण. आपल्याकडे तर पुष्कळ ठिकाणी इमारतच उरली नाही. मग खानदेशाने काय करावे? आमच्या मते याचे उत्तर धुळ्यातच आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यास निवर्तले. या माणसाने आयुष्यभर काय केले? वाडे वाचविले नाहीत. वाड्यांच्या माळ्यांवर, पेट्यांत, कोनाड्यांत कुजत पडलेले कागद वाचविले. वाण्याच्या दुकानी पुड्यांसाठी जाणारी दप्तरे त्यांनी पदरमोड करून मिळविली आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावाने खंडामागून खंड काढले. त्यांच्या मृत्यूनंतर धुळेकरांनी दिरंगाई केली नाही. १९२७ साली राजवाडे संशोधन मंडळ उभे केले आणि त्यांचा संग्रह जपला. त्याच धुळ्यात समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी हस्तलिखिते जपलेली आहेत. म्हणजे भिंत पडली तरी कागद राखावा, हा संस्कार आपल्या मातीत आहे.

फक्त आपण तो राजांच्या व संतांच्या कागदांपुरता ठेवला. गिरणीच्या हजेरीपटाला आपण इतिहासाचा कागद मानले नाही. वास्तविक त्या पटावर काय नाही? गावोगावची आडनावे आहेत, बदली कामगाराची अर्धी हजेरी आहे, दुष्काळाच्या वर्षी वाढलेली भरती आहे, संपाच्या दिवसांतल्या रिकाम्या रांगा आहेत. कोणाच्या ट्रंकेत पगाराची चिठ्ठी असेल, कोणाजवळ खात्याचा पितळी बिल्ला असेल, कोणाच्या भिंतीवर खात्यातल्या मंडळींचा सामुदायिक फोटो असेल. रद्दीवाला दारात उभा आहे. आणि कागदापेक्षाही नाशवंत आहेत ती माणसे. ज्याने स्वतः साचा चालविला, ज्याने कांजी खात्यात काम केले, ज्याने भोंगा दिला, अशी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. जळगावात विद्यापीठ आहे, महाविद्यालये आहेत. धुळ्यात संशोधनाची परंपरा आहे. एकेका विद्यार्थ्याने एकेका वृद्ध कामगाराजवळ दोन दिवस बसून त्याचे बोलणे त्याच्याच अहिराणीत उतरून घेतले, तर एका उन्हाळ्याच्या सुटीत जे काम होईल, ते पुढे कितीही पैसा ओतून होणार नाही.

आणि बाजार चालविणाऱ्यांनाही आमची एवढीच विनंती आहे की, जेथे गिरणी होती तेथे दर्शनी जागी एक पाटी असावी. कोणत्या साली ती निघाली, किती माणसे येथे राबली, काय निर्माण झाले आणि केव्हा बंद पडले, हे त्यावर मराठीत लिहावे. त्याने गिऱ्हाईक कमी होणार नाही. उलट घटकाभर थांबून वाचील.

मुंबईहून परतताना पुतण्या बराच वेळ गप्प होता. चाळीसगाव मागे गेल्यावर रुळांच्या दोन्ही बाजूंना कपाशीची शेते लागली. तेव्हा त्याने विचारले, “काका, आपल्या घरातले कोणी गिरणीत होते काय?”

होते. त्याच्या आजोबांचे चुलतभाऊ माग खात्यात होते, आणि ते अजून हयात आहेत. घरी पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी तो त्यांच्याकडे वही घेऊन गेला.